सेल्युलर ट्रेल कॅमेरा

सेल्युलर ट्रेल कॅमेरा : जनावराच्या अंगची ऊब आणि हालचाल ओळखून आपोआप छायाचित्र घेणारा आणि ते मोबाइल नेटवर्कवरून मालकाच्या फोनवर पाठवणारा, झाडाला पट्ट्याने बांधायचा कॅमेरा. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या (व्हाइटटेल) शिकारीसाठी राखलेल्या खाजगी किंवा भाडेपट्ट्याच्या जमिनींवर तो सर्रास दिसतो. टेक्सासमध्ये त्याच कॅमेऱ्याने रानडुकरांवरही लक्ष ठेवतात.

रात्री जनावराने स्वतःच स्वतःचे छायाचित्र काढावे, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकी छायाचित्रकार जॉर्ज शिरास तिसरे यांनी मिशिगनमध्ये वाटेत ताणलेल्या तारेला जोडलेल्या झगझगाटाच्या दिव्याने घेतलेली अशी छायाचित्रे १९०६ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ने छापली. पुढे तारेची जागा ऊब ओळखणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) संवेदकाने आणि फिल्मची जागा मेमरी कार्डाने घेतली. तरीही कार्ड आणायला माणसाला जावेच लागे. प्रत्येक फेरीत त्याचा वास पायवाटेवर राहतो आणि वयस्क नर ती जागा दिवसा टाळू लागतो. सिमकार्ड आले आणि ही फेरी वाचली. या उपकरणाचा खरा लाभ हाच आहे. फोटो लवकर मिळणे त्यानंतरचे.

रचना : पुढच्या धुरकट भिंगामागे संवेदक असतो. जनावर आणि त्याच्या मागची पार्श्वभूमी यांच्या तापमानात फरक असेल आणि ती ऊब नजरेच्या पट्ट्यातून सरकली, तरच तो जागा होतो. चांगल्या कॅमेऱ्यात त्यानंतर अर्ध्या सेकंदाच्या आत फोटो निघतो. रात्रीसाठी अवरक्त दिवे असतात. ८५० नॅनोमीटरचे दिवे लांबवर उजेड देतात, पण अंधारात त्यांचा फिकट लाल ठिपका दिसतो. ९४० नॅनोमीटरचे दिवे दिसत नाहीत. मात्र त्यांचा पल्ला कमी असतो आणि चालते जनावर धूसर येते. जिथे चोरीची भीती आहे तिथे दुसरा प्रकार घ्यावा, उघड्या शेतावर पहिला. फोनवर येते ती आकसलेली प्रत. मूळ फोटो कार्डावर राहतो आणि बहुतेक कंपन्यांकडे तो वेगळा मागवता येतो. जाहिरातीतले मोठाले मेगापिक्सेल आकडे बहुधा सॉफ्टवेअरने फुगवलेले असतात, त्यावरून निवड करू नये.

मांडणी : सिम सुरू करणे, फर्मवेअर (कॅमेऱ्यातले सॉफ्टवेअर) अद्ययावत करणे, कार्ड त्याच कॅमेऱ्यात फॉर्मॅट करणे आणि चाचणीचा फोटो फोनवर पोचला का हे पाहणे, ही कामे घरीच उरकावीत. रानात गेल्यावर लक्षात येणारी चूक म्हणजे आणखी एक फेरी.

हरणासाठी कॅमेरा जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीवर आणि वाटेपासून ३ ते ६ मीटरवर असावा. संवेदकाला आडवी हालचाल उत्तम कळते, समोरून सरळ चालत येणारे जनावर मात्र उशिरा. उलट कॅमेरा वाटेला काटकोनात लावला तर धावते हरीण चौकटीबाहेर जाते आणि रिकामा फोटो मिळतो. म्हणून तोंड वाटेच्या दिशेला सुमारे ४५ अंशांत वळवतात. उत्तर गोलार्धात कॅमेऱ्याचे तोंड उत्तरेकडे ठेवावे. पूर्व-पश्चिमेला सूर्य थेट भिंगात येतो, फोटो पांढरे पडतात आणि तापलेली पार्श्वभूमी खोटे फोटो काढायला लावते. चोरी टाळायची असेल तर अडीच मीटरवर बांधून खाली कलवतात. समोरचे गवत आणि डहाळ्या कापाव्यात. शेवटी स्वतः वाटेवरून चालून कॅमेरा कुठे टिपतो आणि कुठे चुकतो हे पाहावे.

जागा हंगामाप्रमाणे बदलतात. उन्हाळ्याच्या अखेरीस चाऱ्यासाठी पेरलेले तुकडे आणि पाणवठे चालतात. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नर खुरांनी माती उकरून मूत्र सोडतात त्या जागा, आणि नोव्हेंबरच्या माजात दोन झाडोऱ्यांमधली अरुंद पट्टी. उकरलेल्या जागी बहुतेक भेटी रात्री होतात. तिथल्या फोटोवरून नर या भागात आहे एवढे कळते. तो दिवसा कुठून जातो हे कळत नाही, आणि मचाण बांधायला दुसरे उत्तर लागते.

वीज आणि रेंज : बिघाडांत पहिला क्रमांक यांचाच. कॅमेऱ्यात ८, १२ किंवा १६ डबल ए सेल बसतात. लिथियम सेलचा १.५ व्होल्ट दाब शेवटपर्यंत जवळजवळ तसाच राहतो आणि कडाक्याच्या थंडीतही तो चालतो. अल्कलाइनचा दाब हळूहळू उतरतो, थंडीत तर झपाट्याने. चार्ज करायचे निकेल सेल १.२ व्होल्टचे असल्याने अनेक कॅमेरे पहिल्याच दिवशी ‘बॅटरी कमी’ म्हणतात. जुने-नवे सेल एकत्र घालू नयेत. दुबळा सेल उलटा ओढला जाऊन गळतो आणि कप्पा खातो. सावली नसेल तर छोटे सौर पॅनेल उत्तम.

रेंज कमी असली की मोडेम (फोटो नेटवर्कवर पाठवणारा भाग) जास्त शक्तीने, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. महिनोन्‌महिने टिकणारे सेल मग काही आठवड्यांत संपतात, आणि दोष सेलांवर येतो. अँटेना उभी ठेवावी, कॅमेरा घळीतून वर धारेवर न्यावा किंवा लांब केबलची अँटेना उंच फांदीला बांधावी. फोटो लगेच न पाठवता दिवसातून दोनदा एकगठ्ठा पाठवल्यास बरीच वीज वाचते. घळीत रेंज मुळीच नसेल तर कडीबॅक या कंपनीसारख्या पद्धतीत अनेक कॅमेरे रेडिओलहरींनी फोटो एकमेकांकडे सरकवतात आणि रेंजमधला एकच कॅमेरा ते बाहेर पाठवतो. २०२२ मध्ये अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी ३जी बंद केले, तेव्हा त्यावर चालणारे सगळे जुने कॅमेरे फोटो पाठवेनासे झाले; वापरलेला कॅमेरा घेताना हे आधी विचारावे.

इतर बिघाड : वाऱ्यावर डोलणारी एक उन्हाने तापलेली फांदी रात्रीत मासिक फोटोंचा कोटा संपवू शकते. कोळ्याचे जाळे भिंगापुढे आले की रात्रीचे फोटो पांढरेफटक येतात. मुंग्या कप्प्यात घर करतात, अस्वल कॅमेरा चावते. भर उन्हाळ्यात दुपारी जमीन आणि जनावराचे अंग सारखेच तापलेले असले, तर संवेदक हरणाला ओळखत नाही. म्हणून फोटो नाही म्हणजे जनावर नाही, असे कधीही धरू नये.

मोजणी : एकेका नराची शिंगे वेगळी असल्याने कळपाचा अंदाज बांधता येतो. ही पद्धत १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. शिंगे पूर्ण वाढल्यावर, साधारण १०० एकरांना एक कॅमेरा या मानाने, आमिषावर १० ते १४ दिवस फोटो घेतात. समजा नरांचे २०० फोटो आले आणि त्यांत वेगवेगळे नर २० निघाले, तर दर फोटोमागे नरांचे गुणोत्तर ०.१०. तेच गुणोत्तर लावून, माद्यांचे ३०० फोटो असल्यास माद्या सुमारे ३०, पाडसांचे १५० असल्यास पाडसे १५. यात नर-मादी आमिषावर सारखेच येतात असे गृहीत धरले आहे, आणि तेच कच्चे आहे. पाडसे तर आईमागे उशिरा येतात. त्यामुळे एका वर्षाच्या आकड्यापेक्षा त्याच जागांवर दरवर्षी केलेली तुलना अधिक उपयोगी. हरणांतील सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) या प्राणघातक, संसर्गजन्य रोगामुळे आमिष घालण्यास अनेक ठिकाणी बंदी आहे. तिथे कॅमेरे वाटांवर लावतात आणि अंदाज आणखी सैल होतो.

कायदा आणि नीती : फोटो येताच उठून त्या नराच्या मागे जाणे, यावर शिकाऱ्यांतच तीव्र मतभेद आहेत. १८८७ मध्ये स्थापन झालेला अमेरिकी शिकाऱ्यांचा बून अँड क्रॉकेट क्लब तत्क्षणी आलेल्या फोटोच्या आधारे केलेली शिकार न्याय्य मानत नाही, आणि हीच भूमिका योग्य वाटते. ॲरिझोनाने १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेऱ्यांवर बंदी घातली. नेव्हाडात सार्वजनिक जमिनीवर १ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर आणि फोटो पाठवणाऱ्या कॅमेऱ्यांना १ जुलैपासूनच मनाई आहे. राज्याराज्यांत नियम वेगळे असल्याने कॅमेरा बांधण्याआधी त्या वर्षीची नियमपुस्तिका पाहावी. शेजाऱ्याच्या अंगणाकडे तोंड करू नये.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकार संपली, त्यामुळे हेच तंत्र इथे रक्षणाच्या कामी आले. २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले. तेव्हा ती गिनीज नोंदीत जगातली सर्वांत मोठी कॅमेरा-पाहणी ठरली. त्यातील कॅमेऱ्यांची कार्डे माणसांनीच फिरून गोळा केली. मध्य प्रदेशातील कान्हा-पेंच पट्ट्यात मात्र फोटो पाठवणाऱ्या ‘ट्रेलगार्ड एआय’ कॅमेऱ्यांच्या चाचण्या झाल्या. वाघ आहे की माणूस, हे कॅमेरा स्वतःच ठरवतो आणि निवडक फोटो मिनिटाच्या आत वनकर्मचाऱ्यांकडे पोचतो.