तिरफळाची झिणझिण आणि सावकाश जेवण

बांगड्याच्या उडदामेथीतले, म्हणजे उडीद-मेथी घातलेल्या कालवणातले, तिरफळ हे मसाल्याचे फळ दाताखाली आले की आधी लिंबाच्या सालीसारखा वास नाकात चढतो. ओठ आणि जिभेचे टोक झिणझिणू लागते ते त्यानंतर, जरा वेळाने. ही झिणझिण म्हणजे चव नव्हे. चव रुचिकलिकांना कळते. तिरफळातले सॅन्शूल नावाचे द्रव्य मात्र स्पर्श ओळखणाऱ्या चेतातंतूंना चाळवते. चीनमधली सेशुआन मिरी ही तिरफळाच्याच कुळातली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये या मिरीची पूड लोकांच्या ओठांना लावली, बोटाला थरथरणारे यंत्र लावले आणि ओठावरची झिणझिण यंत्राच्या थरथरीशी जुळवून पाहिली. सेकंदाला साधारण ५० कंपनांवर ती जुळली. जागेवर काहीच हलत नसते, तरी ओठ थरथरल्यासारखे वाटतात!

भराभर घास गिळणाऱ्याच्या वाट्याला हे येत नाही, आणि त्याचे मला खरोखर वाईट वाटते. गोव्यात फोंडा-डिचोलीकडच्या घरांत रोज शिजणाऱ्या जेवणात असे किती काही असते, पण ते उलगडायला वेळ लागतो.

हुमणाचाच, म्हणजे नारळाच्या रसातल्या माशाच्या आमटीचाच, घास घ्या. नाक चिमटीत धरून तो चावला तर आंबट, खारट, तिखट एवढेच कळते. नाक सोडले की नारळाचा रस, धणे, बांगडा सगळे एकदम हजर होतात. चावताना सुटलेले गंधकण श्वास सोडताना घशाच्या मागच्या बाजूने नाकात चढतात, आणि तिथे त्यांना ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही असतात. आपण ज्याला जिभेची चव म्हणतो, त्यातला मोठा वाटा या मागच्या दाराने आलेल्या वासाचा असतो. घास जितका चावावा, तितके गंधकण मोकळे होतात.

उकड्या तांदळाचेही तसेच. धान सालासकट उकडून वाळवलेले असल्याने दाणा कणखर राहतो, तो चावावाच लागतो. चावत राहिले की लाळेतले अमायलेज हे विकर स्टार्च तोडून त्यापासून माल्टोज ही साखर बनवू लागते आणि भात हळूहळू गोडसर लागतो. सकाळच्या पेजेबरोबर हा प्रयोग कोणालाही करता येईल. फक्त लोणच्याला हात लावण्याआधी करावा.

सावकाश जेवल्याने बेताचे खाल्ले जाते, हे सगळेच सांगतात. त्यात तथ्य आहे. अन्न आतड्यात पोचल्यावर तिथून जी संप्रेरके तृप्तीची वर्दी मेंदूला देतात, त्यांचा परिणाम जाणवायला पंधरा-वीस मिनिटे जातात. पण केवळ वजनासाठी हळू जेवायचे, हे कारण मला फार तोकडे वाटते.

पणजी-म्हापशातली बरीच दुकाने दुपारी बंद होतात ती तीन-साडेतीननंतरच उघडतात. बाहेरच्यांना यात आळस दिसतो. वास्तविक दुपारी तरतरी कमी होणे हा शरीराच्या घड्याळाचाच भाग आहे; जेवण टाळले तरी अनेकांना ती सुस्ती येते. त्या वेळी घरी जाऊन निवांत जेवणारा माणूस शरीराचे ऐकत असतो.

अर्थात पानावर बसून हातात मोबाइल असला तर वेळ असूनही उपयोग नाही. हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २,२५० जणांना दिवसभरात अधूनमधून फोनवरून विचारले होते: आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसे वाटतेय? ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतेच. आणि मन भलतीकडे असताना माणसे एकंदरीत कमी आनंदी होती. मन सुखाच्या गोष्टींत रमले असले, तरीसुद्धा ती समोरच्या कामात गुंतलेल्यांपेक्षा जास्त आनंदी नव्हती.