गणित स्पर्धा प्रशिक्षण

गणित स्पर्धा प्रशिक्षण म्हणजे साधारण १३ ते १८ वर्षांच्या विद्यार्थ्यांना गणिताच्या स्पर्धा परीक्षांसाठी तयार करण्याची पद्धत. शाळेत आधी रीत शिकवतात आणि मग त्याच रीतीची उदाहरणे देतात. स्पर्धेत कोणती रीत चालेल हे शोधणे हाच खरा प्रश्न असतो. म्हणून प्रशिक्षकाचे मुख्य काम प्रमेयांची संख्या वाढवणे हे नसते. वाट दिसत नसतानाही विद्यार्थ्याला एका प्रश्नाशी तासभर झटता आले पाहिजे आणि सुटलेले उत्तर चोख लिहिता आले पाहिजे, हे ते काम आहे.

हंगेरीत १८९४ मध्ये एटव्हश ही गणिताची स्पर्धा सुरू झाली. त्याच वर्षी निघालेल्या ‘कोमाल’ या मासिकात शाळकरी मुलांसाठी प्रश्न छापले जात आणि मुले उत्तरे लिहून पाठवत. लेनिनग्राडमध्ये (आजचे सेंट पीटर्सबर्ग) १९३४ साली आणि मॉस्कोत १९३५ साली ऑलिम्पियाड, म्हणजे विद्यार्थ्यांची गणित स्पर्धा, सुरू झाले. पहिले आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड १९५९ मध्ये रोमानियात सात देशांच्या सहभागाने भरले. आज त्यात प्रत्येक देशाचे जास्तीत जास्त सहा विद्यार्थी असतात. सलग दोन दिवस, दररोज साडेचार तासांत तीन प्रश्न सोडवायचे असतात. प्रत्येक प्रश्नाला ७ गुण, एकूण ४२. कॅल्क्युलेटर चालत नाही.

काय शिकवायचे

ऑलिम्पियाडचे प्रश्न बीजगणित, भूमिती, संख्या सिद्धांत आणि कॉम्बिनेटोरिक्स (मोजणी आणि मांडणीचे गणित) या चार शाखांतून येतात. कलनशास्त्र लागत नाही. ते लवकर शिकवून टाकले तर स्पर्धेची तयारी झाली, हा समज चुकीचा आहे. संख्या सिद्धांतात विभाज्यता, भागाकारात उरणाऱ्या बाकीवरचे गणित आणि फर्माचे छोटे प्रमेय पक्के हवे. पूर्ण वर्गाला ४ ने भागल्यास बाकी ० किंवा १ च उरते, एवढ्या साध्या निरीक्षणाने अनेक समीकरणांना पूर्णांकी उत्तर नाही हे सिद्ध होते. भूमितीत समरूप त्रिकोण, चक्रीय चौकोन आणि स्पर्शिका-छेदिका प्रमेय हा पाया. त्यावर प्रभुत्व नसताना निर्देशक भूमितीने सगळे रेटण्याची सवय लागली, तर कठीण प्रश्नात पानेच्या पाने आकडेमोड होते आणि हाती काही लागत नाही. कॉम्बिनेटोरिक्सला सूत्रे कमी आणि कल्पना जास्त लागतात: कबुतरखान्याचे तत्त्व (खाने कमी आणि वस्तू जास्त असतील, तर एका खान्यात दोन येतातच), अचल राशी (बाकी सारे बदलले तरी तशीच राहणारी), एकच गोष्ट दोन प्रकारे मोजणे. ही शाखा सर्वांत आधी सुरू करावी, कारण ती मुरायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

सत्र कसे घ्यावे

दोन ते तीन तासांच्या सत्राला चार-पाच प्रश्न पुरतात. त्यांतले दोन-तीन विद्यार्थ्याला स्वतः सुटावेत, अशी निवड असावी. सगळे सुटले तर संच सोपा होता. एकही सुटला नाही तर विद्यार्थी उत्तराची वाट पाहायला शिकतो.

प्रशिक्षणात सर्वाधिक नुकसान होते ते उत्तर लवकर दाखवल्याने. फळ्यावरचे उत्तर समजते, पण ती कल्पना सुचायची कशी हे समजत नाही, आणि पुढच्या वेळी तेवढेच अडते. म्हणून पहिला अर्धा-पाऊण तास काहीच सांगू नये. नंतरचे इशारेही पायरीपायरीने द्यावेत. आधी फक्त विचारावे: लहान संख्या घेऊन पाहिलेस का? मग, दिलेल्यापैकी कोणती अट अजून वापरलेली नाही? साधनाचे नाव सर्वांत शेवटी. तरीही सुटले नाही, तर प्रश्न आठवडाभर घरी न्यायला द्यावा.

सिद्धता लिहिणे

हा भाग सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. एक उदाहरण पाहू: १ ते १०० मधून किमान किती संख्या निवडल्या, तर त्यांत एक दुसरीला निःशेष भागणारी जोडी नक्की सापडेल? प्रत्येक संख्या ‘२ चा घात गुणिले विषम संख्या’ अशी लिहिता येते. १ ते १०० मध्ये विषम संख्या ५० आहेत, म्हणून ५१ संख्या निवडल्यास दोघींचा विषम भाग सारखा येतो आणि लहान संख्या मोठीला भागते. बहुतेक विद्यार्थी इथे थांबतात. पण ‘किमान’ सिद्ध व्हायला ५० पुरत नाहीत हेही दाखवावे लागते: ५१ ते १०० या संख्यांत अशी एकही जोडी नाही, कारण कोणत्याही संख्येची दुप्पट १०० च्या पुढे जाते. ही एक ओळ नसेल तर सिद्धता अपुरी राहते.

याच जातीच्या चुका वारंवार दिसतात. असमतेत किमान किंमत काढताना समानता कधी येते हे तपासले जात नाही. x ≥ २ असताना x + १/x ची किमान किंमत सवयीने २ लिहिली जाते; पण ती x = १ ला येते आणि १ तर अटीत बसतच नाही. खरे उत्तर ५/२. फलन समीकरणात, म्हणजे जिथे फलनच शोधायचे असते तिथे, f(x+y) = f(x) + f(y) वरून परिमेय संख्यांसाठी f(x) = cx मिळते, आणि तेच आणखी कोणत्याही अटीशिवाय सर्व वास्तव संख्यांना लावले जाते. भूमितीत एकाच आकृतीवरून सिद्धता लिहिली जाते, आणि बिंदूंचा क्रम बदलला की ती कोसळते.

उपाय एकच: दर आठवड्याला किमान एक सिद्धता पूर्ण लिहून घ्यावी, ७ पैकी गुण द्यावेत, त्रुटी दाखवावी आणि तीच पुन्हा लिहायला लावावी. विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या वह्या तपासणेही उपयोगी पडते. स्वतःला न दिसणारी फट दुसऱ्याच्या लिखाणात चटकन दिसते.

सराव परीक्षा आणि वेळ

लघुउत्तरी स्पर्धांत वेग आणि अचूकता महत्त्वाची असते. तिथे पेपर पहिल्यांदा वाचताना स्वतःला हमखास सुटणारे प्रश्न सोडवून उरलेल्यांकडे नंतर वळावे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात का, हे नियमांत आधीच पाहावे.

सिद्धतेच्या स्पर्धांसाठी मात्र पूर्ण वेळेची सराव परीक्षा घ्यावीच. साडेचार तास एकाग्र बसणे आपोआप जमत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये साधारणतः पहिला आणि चौथा प्रश्न सोपे, तर तिसरा आणि सहावा सर्वांत कठीण असतात. सोपा प्रश्न सुटला की तो लगेच, नीट, अर्धा-पाऊण तास देऊन लिहून काढावा आणि मगच पुढे जावे. पदक नसले तरी एखाद्या प्रश्नाला पूर्ण ७ गुण मिळवणाऱ्याला तिथे सन्माननीय उल्लेख मिळतो. सहाही प्रश्नांत विखुरलेल्या एक-दोन गुणांना तो मिळत नाही. स्पर्धेआधीच्या आठ-दहा दिवसांत नवे प्रमेय शिकवू नये. स्वतःच्या जुन्या चुकांची वही चाळावी आणि झोप पुरी घ्यावी.