पाचवी तार

ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि जानेवारीतल्या रात्री तोच 5 अंशांच्या आसपास उतरतो. एकाच उपकरणाने दोन्ही ऋतू सांभाळावेत, ही इच्छा इथे स्वाभाविक आहे. म्हणूनच अमेरिकेतल्या भाच्याने आणलेला स्मार्ट थर्मोस्टॅट शहरातल्या लष्कर या भागातल्या घरात कौतुकाने उघडला जातो. मात्र त्याच्या पाठीवरची आर, वाय, डब्ल्यू, जी, सी ही अक्षरे पाहून वायरमन बुचकळ्यात पडतो.

थर्मोस्टॅट स्वतः हवा थंडही करत नाही आणि गरमही करत नाही. तो केवळ तापमान पाहून तारा जोडणारा स्विच आहे. अमेरिकन घरांत घर गरम करणाऱ्या भट्टीजवळचा छोटा ट्रान्सफॉर्मर 24 व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह पुरवतो आणि तो ‘आर’ या तारेने थर्मोस्टॅटपर्यंत येतो. खोली तापली की ‘आर’ आणि ‘वाय’ यांची जोडणी होते, त्यामुळे बाहेरच्या यंत्रातला कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेने ओढला जाणारा मोठा स्विच, जोडला जातो आणि कॉम्प्रेसर सुरू होतो. ‘डब्ल्यू’ भट्टीसाठी असते, ‘जी’ पंख्यासाठी. तारांचे रंग ठरावीक असावेत असा संकेत असला, तरी पूर्वीच्या कारागिराने तो पाळला असेलच असे नाही. म्हणून वीज बंद केल्यावर, तारा सोडण्याआधी, कोणती तार कोणत्या अक्षराखाली होती याचे छायाचित्र घेणे शहाणपणाचे.

खरी अडचण ‘सी’ची, म्हणजे पाचव्या तारेची. जुन्या थर्मोस्टॅटमध्ये दोन धातूंची चिकटवलेली पट्टी असे. उष्णतेने एक धातू दुसऱ्यापेक्षा अधिक प्रसरण पावून पट्टी वाकली की संपर्क जुळे किंवा तुटे, आणि यासाठी विजेची गरज नसे. साहजिकच भिंतीतून चारच तारा आणलेल्या असत. स्मार्ट थर्मोस्टॅटचा पडदा आणि वाय-फाय यांना मात्र अखंड वीज लागते, आणि आलेल्या प्रवाहाला ट्रान्सफॉर्मरकडे परतायला वाट हवी असते. ती वाट म्हणजे ‘सी’. ती नसेल तर काही थर्मोस्टॅट कॉम्प्रेसरच्या रिलेमधून, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचमधून, थोडा प्रवाह अक्षरशः चोरतात. हे बऱ्याचदा निभते, पण कधी बॅटरी उतरते, तर कधी रिले थरथरू लागतो. केबलमध्ये न वापरलेली एखादी तार गुंडाळून ठेवलेली असते, ती आधी शोधावी. नसेल तर 24 व्होल्टचा स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर किंवा खास अडॅप्टर लावता येतो.

हीट पंप, म्हणजे थंड आणि गरम दोन्ही करणारे यंत्र, असेल तर त्यातल्या शीतकाची (उष्णता वाहून नेणाऱ्या द्रव्याची) दिशा उलटवणाऱ्या झडपेची आणखी एक तार येते. ती झडप थंडाव्याच्या वेळी वीज घेते की गरम करताना, हे उपकरणानुसार बदलते; थर्मोस्टॅटमध्ये ही नोंद चुकली, तर ऐन मे महिन्यात खोलीत गरम वारा येईल.

आता ग्वाल्हेरच्या घराकडे वळू. आपल्याकडच्या स्प्लिट एसीत तापमान आतल्या युनिटमधला सेन्सर मोजतो आणि कॉम्प्रेसरचा निर्णय त्याच्याच बोर्डावर होतो. या थर्मोस्टॅटच्या तारा जोडण्याची सोय त्यावर सहसा नसते. अशा एसीला रिमोटची भाषा बोलणारे इन्फ्रारेड उपकरण सोयीचे, फक्त ते आज्ञा देते, ती पाळली गेली का हे त्याला सहसा कळत नाही. डक्टवाल्या किंवा फॅन-कॉइल (थंड पाण्याच्या नळ्यांवरून पंख्याने हवा फिरवणाऱ्या) यंत्रणेला भिंतीवरचा थर्मोस्टॅट असतो खरा, पण त्यावर अनेकदा थेट 230 व्होल्ट खेळत असतात. तिथे 24 व्होल्टचे उपकरण जोडणे म्हणजे ते जाळणे, आणि हाताला धोका वेगळाच. म्हणून जाणत्या इलेक्ट्रिशियनने मीटर लावल्याखेरीज स्क्रू सैल करू नये.

जागेचाही विचार हवा. जुन्या वाड्यातली पश्चिमेची दगडी भिंत दुपारनंतरचे ऊन साठवते आणि रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते. तिच्यावर बसवलेला सेन्सर खोलीपेक्षा भिंतीचेच तापमान सांगतो, आणि कॉम्प्रेसर विनाकारण पहाटेपर्यंत चालत राहतो.