जायचं की राहायचं, हे ठरवण्याचा हक्क फुटबॉलपटूला कधी मिळाला?

ब्रँडन फर्नांडिसने २०२४ मध्ये एफसी गोवा सोडून मुंबई सिटीशी करार केला, तेव्हा गोव्यापासून सावंतवाडी-वेंगुर्ल्यापर्यंत फुटबॉल पाहणाऱ्यांत जुना वाद पुन्हा सुरू झाला. मडगावचा मुलगा, सात मोसम इथे खेळलेला, कर्णधारपद सांभाळलेला. ‘पैसा बघितला’ असं काही जण म्हणाले, ‘गेला ते बरं केलं’ असं काही जण. त्याआधी चार वर्षं म्हापशाचा मंदार राव देसाई असाच एफसी गोवातून मुंबई सिटीकडे गेला, तेव्हाही हेच ऐकू आलं होतं. दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात, की हा निर्णय खेळाडूचा असतो. फुटबॉलच्या इतिहासात बराच काळ तो त्याचा नव्हता. हा हक्क कसा आला आणि येताना त्याने छोट्या क्लबांचं काय केलं, हे पाहिल्याशिवाय ब्रँडन-मंदारबद्दल बोलणं अन्यायाचं होईल.

सुरुवात इंग्लंडमधून करावी लागते, कारण नियम तिथे घडले. १८९३ मध्ये फुटबॉल लीगने खेळाडूची नोंदणी क्लबच्या ताब्यात दिली. करार संपला तरी नोंदणी क्लबकडेच. क्लबने मोकळं केलं नाही तर खेळाडूला दुसरीकडे खेळता येत नसे आणि त्या काळात त्याला पगार देण्याचं बंधनही क्लबवर नसे. १९०१ मध्ये पगारालाही कमाल मर्यादा आली, आठवड्याला चार पौंड. म्हणजे खेळाडू दोन्हीकडून बांधलेला. पण याच व्यवस्थेमुळे श्रीमंत क्लबला गरीब क्लबचा माणूस जास्त पगाराच्या आमिषाने उचलता येत नसे. प्रेस्टनसारख्या गिरणीगावाच्या संघात टॉम फिनीसारखा असामान्य खेळाडू अख्खी कारकीर्द राहिला, त्यामागे हेही कारण होतं.

फिनीची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९५२ मध्ये इटलीतल्या पालेर्मोने त्याला दहा हजार पौंड, घर आणि गाडी देऊ केली. इंग्लंडमध्ये तो आठवड्याला चौदा पौंडांच्या आसपास कमावत होता आणि जोडीला प्लंबिंगचा धंदा करत होता. प्रेस्टनच्या अध्यक्षांनी नाही म्हटलं आणि विषय तिथेच संपला. तो १९६० पर्यंत प्रेस्टनलाच खेळला. फर्स्ट डिव्हिजनचं विजेतेपद किंवा एफए कप त्याच्या वाट्याला आला नाही. आज ‘पूर्वीचे खेळाडू किती निष्ठावान’ म्हणून त्याचं नाव घेतात. त्याचं गावावर प्रेम होतं यात शंका नाही. पण दाराला बाहेरून कडी असताना आत राहिलेल्या माणसाचा दाखला देऊन आजच्या मुलाला दोष देता येत नाही.

ती कडी दोनदा तुटली. कमाल पगाराची मर्यादा १९६१ च्या जानेवारीत उठली. त्याआधी न्यूकॅसलच्या जॉर्ज ईस्टहॅमने १९६० मध्ये संघ सोडायचा म्हणून खेळणंच थांबवलं होतं आणि पोटासाठी दुसरं काम धरलं होतं. अखेर त्याला आर्सेनलकडे जाऊ दिलं, तरी त्याने खटला सोडला नाही. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी खेळाडूला असं अडकवून ठेवणं हा व्यवसायावरचा गैरवाजवी निर्बंध असल्याचा निकाल दिला. दुसरा घाव बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमानचा. १९९० मध्ये लिएजच्या क्लबबरोबरचा त्याचा करार संपला. फ्रान्समधल्या डंकर्कला तो हवा होता, पण लिएज त्याला सोडण्यासाठी रक्कम मागत राहिला, आणि नव्या कराराच्या नावाखाली पगार पाव हिश्श्यावर आणला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने ठरवलं, की करार संपलेला खेळाडू युरोपीय संघात कोणतीही रक्कम न भरता दुसरीकडे जाऊ शकतो. क्लबने इतर सदस्य देशांचे किती खेळाडू खेळवायचे, ही मर्यादाही याच निकालाने गेली. बोसमानची स्वतःची कारकीर्द मात्र या भांडणात संपली होती.

याची झळ सर्वांत आधी आयाक्सला लागली. मे १९९५ मध्ये आम्सटरडॅमच्या या संघाने एसी मिलानला १-० ने हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली होती. गोल पॅट्रिक क्लायव्हर्टचा, वय १८. एडगर डेव्हिड्स १९९६ मध्ये मिलानला गेला, क्लायव्हर्ट १९९७ मध्ये. दोघेही करार संपवून, म्हणजे ज्या संस्थेने लहानपणापासून घडवलं तिच्या हाती काही न पडता. आणि क्लायव्हर्ट मिलानमध्ये एकच मोसम टिकला. घडवणारा क्लब रिकाम्या हाताने, नेणाऱ्या क्लबलाही फारसा लाभ नाही, आणि खेळाडूचं एक वर्ष गेलं. हक्क मिळाला म्हणून प्रत्येक निर्णय बरोबर ठरतो असं नाही.

आता आपल्याकडे. कोकणी माणसाने मुंबईला जाणं ही काही नवी गोष्ट नव्हे. फुटबॉलमध्येही तेच झालं. कोलवाळचे फोर्तुनातो फ्रांको मुंबईत टाटाकडून खेळले आणि १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय संघात होते. तेव्हा मुंबईत कंपन्यांचे संघ होते आणि फुटबॉलबरोबर नोकरी मिळे. खेळाडूला ‘कुठला क्लब मोठा’ यापेक्षा ‘पेन्शन कुठे’ हा प्रश्न अधिक खरा होता.

गोव्यात खाणमालकांनी संघ उभे केले. साळगावकर, डेंपो, सेसा. ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर साळगावकरच्या गोलपोस्टमध्ये वर्षानुवर्षं उभे राहिले, भारताचे कर्णधार झाले, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. देशाचं नाव कमावायला त्यांना कोलकात्यात बिऱ्हाड करावं लागलं नाही. ही त्या काळातली मोठी गोष्ट होती, कारण मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचं आकर्षण जबरदस्त होतं आणि बरेच गोंयकार तिकडे गेलेही. महेश गवळी २००३ मध्ये आसियान क्लब स्पर्धा जिंकलेल्या ईस्ट बंगालमध्ये होता, पुढे डेंपोत आला. आणि डेंपोने २००५ ते २०१२ या काळात राष्ट्रीय लीग आणि तिच्या जागी आलेली आय-लीग मिळून पाच विजेतेपदं मिळवली. क्लिफर्ड मिरांडाने जवळजवळ सगळी कारकीर्द तिथेच काढली. घरचा संघच देशात पहिला असेल तर जायचं कशाला?

हे फार काळ टिकलं नाही. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि फुटबॉलमागचा पैसा आटला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. एफसी गोवाच्या मालकांत दत्तराज साळगावकर आणि श्रीनिवास डेंपो हेही होते. २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दी गोवा आय-लीगमधून बाहेर पडले, मागोमाग डेंपोही. त्यांचं भांडण भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या आराखड्याशी होतं, ज्यात जुने क्लब दुय्यम ठरत होते. गावच्या मुलासाठी तीन-चार मोठी दारं होती, तिथे एकच उरलं. डेंपो २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला याचा आनंद आहे, पण ती आता दुसऱ्या पायरीची लीग आहे.

याच पार्श्वभूमीवर नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालक-समूहाने मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. पुढच्या वर्षी प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा गोव्याहून मुंबईकडे गेले आणि त्यांच्यामागे अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बुमू आणि मंदार. करोनामुळे तो अख्खा मोसम गोव्यातच, रिकाम्या स्टँडसमोर झाला. उपांत्य फेरीत समोर एफसी गोवा: पहिला सामना २-२, दुसरा ०-०, आणि पेनल्टीवर ६-५ ने मुंबई. मग फातोर्ड्यालाच मुंबईने एटीके मोहन बागानला २-१ ने हरवून करंडक उचलला. साखळीतल्या अव्वल संघाची शील्डही त्यांचीच. मंदारला दोन्ही मिळाले. पण गोष्ट इथे संपत नाही. महिनाभरात, एप्रिल २०२१ मध्ये, एफसी गोवा आशियाई क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला, तोही घरच्या मैदानावर, आणि त्या संघात राहिलेला ब्रँडन होता. मला दोघांचेही निर्णय बरोबर वाटतात.

माझ्या मते क्लबच्या नावापेक्षा तिथे आपल्या जागेवर कोण खेळतो, हे आधी बघावं. एन्गोलो काँते २०१६ मध्ये लेस्टरला इंग्लंडच्या लीगचा विजेता करून चेल्सीला गेला आणि लगेच पुन्हा विजेता झाला, कारण तिथे त्याची जागा ठरलेली होती. केल्विन फिलिप्स २०२२ मध्ये लीड्सहून मँचेस्टर सिटीला गेला, तर त्याच जागेवर रॉड्री होता. पदकं मिळाली, खेळ गेला. आणि राहणाऱ्यांत सार्डिनिया बेटावरच्या काल्यारी क्लबचा जिजी रीवा. युव्हेंटसचं बोलावणं नाकारून तो काल्यारीतच राहिला आणि १९७० मध्ये त्या क्लबला त्यांचं एकमेव इटालियन विजेतेपद मिळवून दिलं.

उरतो घडवणाऱ्या क्लबचा प्रश्न, आणि माझा खरा राग इथे आहे. २००१ पासून फिफाचा नियम आहे, की करार चालू असताना खेळाडू दुसऱ्या देशात विकला गेला तर रकमेतले ५ टक्के त्याला वयाच्या १२ ते २३ या काळात घडवणाऱ्या क्लबांना वाटायचे. १२ ते १५ या चार वर्षांसाठी दरवर्षी त्या हिश्श्यातले ५ टक्के, पुढच्या आठ वर्षांसाठी दरवर्षी १० टक्के. मुलगा पहिली चार वर्षं एका गावच्या क्लबमध्ये असेल, तर एक कोटीच्या व्यवहारात त्या क्लबचा वाटा एक लाख. पण करार संपवून गेला तर रक्कमच नाही, म्हणून वाटाही नाही. गोव्याहून मुंबईला गेला तर व्यवहार देशातलाच, मग हा आंतरराष्ट्रीय नियम साधारणपणे लागू होत नाही. आणि मुलाची रीतसर नोंदणी केलेली नसेल तर परदेशी व्यवहारातही दावा टिकत नाही. भात कापल्यावर शेतात गोलपोस्ट रोवून मुलं तयार करणाऱ्या किती मंडळांकडे बाराव्या वर्षापासूनची नोंद असते? ब्रँडन आणि मंदार यांच्यावर खर्च झालेल्या शब्दांतले थोडे तरी या नोंदणीसाठी आणि देशांतर्गत व्यवहारातल्या वाट्यासाठी खर्च व्हायला हवे होते.