घरगुती प्रकाशयोजना (छायाचित्रण)

घरातल्या वा बाजारात सहज मिळणाऱ्या साहित्यातून छायाचित्रणासाठी केलेली दिव्यांची मांडणी. मुंबईत घरून फराळ, साड्या, दागिने विकणारे अनेकजण फोनचा कॅमेरा आणि अशीच मांडणी यांवर काम भागवतात. बल्ब, होल्डर व वायर लोहार चाळीत, तर कापड मंगलदास मार्केटात मिळते.

सगळे मर्म दिव्याच्या आकारात आहे, वॉटमध्ये नाही. वस्तूच्या मानाने दिवा जितका मोठा, तितकी सावलीची कड मऊ. ९ वॉटच्या उघड्या एलईडी बल्बची सावली करकरीत पडते. त्याच बल्बपुढे फूट-दीड फुटावर मीटरभर मांजरपाट ताणला की उजळलेले कापड हाच दिवा होतो. आकाशकंदिलात वेगळे काही घडत नाही. माहीमच्या कंदील गल्लीत टांगलेला पांढऱ्या कागदाचा साधा कंदील चेहऱ्याच्या छायाचित्रासाठी उत्तम दिवा आहे. दिवाळी सरली म्हणून तो टाकू नये. रंगीत कंदील मात्र चालत नाही, कारण त्याचा रंग त्वचेवर उतरतो.

उघड्या बल्बचे अंतर दुप्पट केले की वस्तूवर पडणारा प्रकाश चौथा हिस्सा उरतो. म्हणून दिवा चौकटीत दिसणार नाही इतपत जवळ आणावा. दहा बाय बाराच्या खोलीत तो तसाही जवळच राहतो, आणि ही अडचण नव्हे, सोय आहे.

सावलीच्या बाजूला थर्मोकोलचा पांढरा पत्रा उभा केला की काळोख निवळतो. चित्रीकरणातही थर्मोकोलचा हा उपयोग रोजचा. परावर्तित प्रकाशाचे मोठे उदाहरण सत्यजित राय यांचे छायालेखक सुब्रत मित्र यांचे: राय यांच्या ‘अपराजितो’ चित्रपटासाठी (१९५६) बनारसच्या घराच्या सेटवर त्यांनी पांढरे कापड ताणून दिव्यांचा प्रकाश त्यावरून परतवला आणि घराच्या चौकात आभाळातून उतरणारा उजेड उभा केला.

उकडीच्या मोदकाला दिवा बाजूने, किंचित मागून द्यावा. समोरून दिल्यास कळ्या सपाट दिसतात आणि वाफ दिसतच नाही.

पांढऱ्या एलईडीचे रंगतापमान (उजेड किती निळसर वा पिवळसर याचे माप) बहुधा ६५०० केल्विन, पिवळसर बल्बचे २७०० ते ३०००. दोन्ही एकत्र लावल्यास चेहरा एका बाजूने निळा, दुसऱ्या बाजूने पिवळा येतो. खोलीतली ट्यूबलाइट बंद करावी. रंगदर्शन निर्देशांक (सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात याचे माप) ९० च्या वर असलेला बल्ब थोडा महाग पडतो, पण खर्च करायचाच तर इथे करावा, नाहीतर पैठणीचा लाल मळकट दिसतो. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने हलक्या प्रतीचा एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि चित्रात पट्टे उमटतात. कॅमेऱ्याच्या शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवल्यास ते सहसा जातात.

कागद-कापडाआड एलईडीच वापरावा. हॅलोजनच्या उष्णतेने ते पेट घेऊ शकते.

सर्वांत स्वस्त दिवा म्हणजे खिडकी. पावसाळी ढगांमुळे सारे आभाळच एक मोठा मऊ दिवा होते. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही असे सांगतात, ते मुंबईत वर्षभर खरे नाही. शहर १९ अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य उत्तरेला असतो. त्या दिवसांत ढग फाटले तर काचेला ट्रेसिंग पेपर चिकटवावा.