मांजरातील चिवट खोकला

पाळीव मांजराला आठवडेच्या आठवडे, रोज किंवा अधूनमधून येत राहणारा खोकला. तो स्वतंत्र रोग नाही. स्वरयंत्रापासून श्वसनीच्या बारीक शाखांपर्यंत कोठेतरी दाह, अडथळा किंवा परोपजीवी असल्याचे ते लक्षण आहे. किती दिवसांच्या खोकल्याला चिवट म्हणावे याबाबत एकमत नाही. पुष्कळ ठिकाणी आठ आठवड्यांची मर्यादा दिलेली आढळते. ती मानवी वैद्यकातून आली असावी. कुत्र्याच्या मानाने मांजर मुळातच कमी खोकते. त्यामुळे दोन-तीन आठवडे पुनःपुन्हा ढास लागत असेल तर तेवढे तपासणीला पुरेसे कारण समजावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

ओळख : घरातील माणसांना हा खोकला पुष्कळदा खोकला म्हणून ओळखूच येत नाही. मांजर केसांचा गोळा काढायचा प्रयत्न करते आहे, असे समजून महिनोन् महिने दुर्लक्ष होते. खोकताना मांजर जमिनीलगत दबते, कोपरे अंगापासून दूर घेते, मान पुढे ताणून जवळजवळ जमिनीला समांतर धरते आणि एकामागून एक कोरडे ठसके देते. उबळ संपली की एकदोनदा गिळते, ओठ चाटते आणि काहीच झाले नाही अशा रीतीने निघून जाते. वर आलेला कफ गिळला जात असल्याने बाहेर काही पडत नाही. म्हणून ‘कोरडा खोकला’ आणि ‘ओला खोकला’ हा भेद मांजरात फारसा उपयोगी पडत नाही. ओकारीच्या वेळी दृश्य वेगळे असते. पोटाचे स्नायू लयीत आत-बाहेर होतात, तोंडाला लाळ सुटते आणि शेवटी अन्न, फेस किंवा केस बाहेर पडतात. जोराच्या उबळीनंतर मांजराला उमासा येऊन थोडा फेस पडू शकतो, त्यामुळे घोटाळा वाढतो. तरीही केसांचा गोळा जठरातून येतो, श्वासमार्गातून नव्हे, हे ध्यानात ठेवले की निर्णय सोपा होतो: ‘गोळा काढण्याचे’ प्रयत्न वारंवार होतात पण गोळा कधीच पडत नाही, अशा मांजराला खोकला आहे असेच धरून चालावे. उबळीचे मोबाइलवर केलेले चित्रण पशुवैद्याला तोंडी वर्णनापेक्षा कितीतरी अधिक सांगून जाते, कारण तपासणीच्या टेबलावर मांजर सहसा खोकत नाही.

यंत्रणा : स्वरयंत्र, श्वासनाल आणि मोठ्या श्वसनींच्या अस्तरात संवेदनाग्राही तंत्रिकाग्रे, म्हणजे संवेदना टिपणारी मज्जातंतूंची टोके (ग्राही), असतात. त्यांना धूळ, कफ, रासायनिक वाफ किंवा दाहातून सुटलेली द्रव्ये लागली की प्राणेशा तंत्रिकेद्वारे (मेंदू आणि छाती-पोट यांना जोडणाऱ्या मज्जातंतूद्वारे) संदेश लंबमज्जेकडे, म्हणजे मेंदूच्या तळाच्या भागाकडे, जातो. तेथून आज्ञा सुटते. खोल श्वास घेतला जातो, कंठद्वार मिटते, छातीतील दाब वाढतो आणि कंठद्वार एकदम उघडून हवा वेगाने बाहेर फेकली जाते. या प्रतिक्षेपी क्रियेविषयीचे बरेचसे मूलभूत ज्ञान मांजरावरील प्रयोगांतूनच मिळाले आहे. ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक जॉन विडिकोम यांनी मांजराच्या श्वासनालेतील व श्वसनींतील ग्राहींवर केलेले काम १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढील संशोधनाचा तो आधार ठरला. वायुकोशांत, म्हणजे फुप्फुसातील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांत, हे ग्राही नसतात. त्यामुळे फुप्फुसाच्या खोल भागातील आजारात मांजर न खोकता नुसते भराभर श्वास घेत असल्याचे दिसू शकते. हृदयविकाराचेही तसेच आहे. कुत्र्यात खोकला हृदयविकाराशी जोडला जातो. मांजरात मात्र हृदय निकामी होऊ लागल्यावर धाप लागते, खोकला क्वचितच येतो. यामुळेच खोकणाऱ्या मांजरात संशय प्रथम श्वसनींवर घेतला जातो.

दमा आणि चिरकारी (दीर्घकाळ टिकणारा) श्वसनीदाह : चिवट खोकल्याच्या कारणांत हे दोन विकार अग्रभागी आहेत. मांजरातील दमासदृश विकाराचे वर्णन १९०६ मध्ये हिल यांच्या मांजराच्या रोगांवरील ग्रंथात आढळते, आणि सामान्यतः तेच पहिले मानले जाते. त्यात कफाचे आधिक्य, श्वसनींचा दाह आणि धाप यांचा उल्लेख आहे. मात्र त्या वर्णनातील विकार म्हणजे आजच्या अर्थाने दमाच होता, असे ठामपणे म्हणता येत नाही. त्या काळी श्वसनीतील स्राव काढून पेशी मोजण्याची पद्धत नव्हती आणि फुप्फुसकृमी वगळण्याची सोयही मर्यादित होती. जुन्या नोंदींतील काही दमेकरी मांजरे प्रत्यक्षात कृमिबाधित असावीत, असे मानण्यास जागा आहे.

आजच्या व्याख्येप्रमाणे दमा ही श्वासावाटे आत गेलेल्या ॲलर्जीजनक पदार्थांना मिळणारी अतिसंवेदनशील प्रतिक्रिया आहे. तीत इओसिनोफिल या प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी श्वसनीच्या भिंतीत जमतात, कफ वाढतो आणि श्वसनीभोवतीचा मृदू स्नायू आकसतो. हे आकसणे काही अंशी आपोआप वा औषधाने सुटते. चिरकारी श्वसनीदाहात न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचे प्राबल्य असते, स्नायूंचे आकसणे गौण असते, आणि तो पूर्वीच्या एखाद्या संसर्गामुळे किंवा क्षोभक पदार्थामुळे झालेल्या कायमच्या इजेचा परिणाम असावा, असे समजले जाते. हे दोन वेगळे रोग की एकाच रोगाच्या दोन अवस्था, हा वाद अद्याप मिटलेला नाही. भेद पेशींच्या प्रमाणावर उभा आहे आणि ते प्रमाणच निसरडे आहे. निरोगी माणसाच्या श्वसनीच्या धुवणात (श्वसनीत सोडून परत ओढून घेतलेल्या पाण्यात) इओसिनोफिल पेशी जेमतेम एकदोन टक्के असतात; निरोगी मांजरात मात्र त्या याहून बऱ्याच अधिक असू शकतात. म्हणून दम्याची मर्यादारेषा कोणी १७ टक्क्यांवर आखतात, कोणी २० वर, तर कोणी २५ वर. शिवाय दोन्ही प्रकारच्या पेशी वाढलेली मांजरेही भेटतात. उपचार बव्हंशी सारखे असल्याने व्यवहारात ‘दाहजन्य श्वसनीविकार’ असे एकच नाव वापरण्याकडे कल आहे. हा कल सोयीचा असला तरी भेद पुसून टाकू नये: ॲलर्जीजनक पदार्थ शोधून दूर करण्याचा खटाटोप दम्यातच फळ देण्याची शक्यता असते.

श्वसनीची त्रिज्या निम्मी झाली तर हवेच्या प्रवाहाला होणारा रोध सैद्धांतिक हिशेबाने सोळापट होतो. म्हणून थोडी सूज आणि थोडा कफही मांजराच्या चिमुकल्या श्वसनीत मोठा अनर्थ करतो. स्नायू आकसण्यात सेरोटोनिन या शरीरातील रासायनिक द्रव्याचा वाटा असल्याचे प्रयोगशाळेत दिसते. मांजराच्या मास्ट पेशींतून, म्हणजे ॲलर्जीत भाग घेणाऱ्या पेशींतून, ते सुटते. त्यावरून सेरोटोनिनरोधक सायप्रोहेप्टाडीन वापरून पाहण्यात आले, पण प्रत्यक्ष रुग्णांत त्याचा भरवशाचा उपयोग दिसला नाही. नेहमीची ॲलर्जीविरोधी औषधेही येथे फारशी कामी येत नाहीत. रोग बहुधा तरुण ते मध्यम वयात सुरू होतो. सयामी मांजरांत तो अधिक आढळतो, असे अनेकांचे निरीक्षण आहे.

कृमी : फुप्फुसकृमींपैकी एल्युरोस्ट्राँजिलस ॲबस्ट्रुसस ही जाती महत्त्वाची असून तिचे शास्त्रीय वर्णन १८९८ मधले आहे. प्रौढ कृमी अगदी लहान श्वसनींत व वायुकोशांच्या तोंडाशी राहतात. अंड्यांतून निघालेल्या अळ्या खोकल्याबरोबर घशात येतात, गिळल्या जातात आणि विष्ठेतून बाहेर पडतात. पुढील वाढ शंखाच्या व बिनशंखाच्या गोगलगायींत होते. गोगलगाय खाणाऱ्या उंदीर, पक्षी, बेडूक, सरडा यांच्या शरीरात अळ्या टिकून राहतात आणि मांजराला बाधा बहुधा अशी शिकार खाऊनच होते. बाधेनंतर विष्ठेत अळ्या दिसू लागायला सुमारे पाच ते सहा आठवडे लागतात. नेहमीच्या विष्ठा तपासणीत त्या हुकतात. त्यासाठी बेअरमान पद्धत वापरतात. ताजी विष्ठा विरळ कापडात बांधून कोमट पाण्याने भरलेल्या नरसाळ्यात टांगून ठेवली की जिवंत अळ्या वळवळत पाण्यात उतरतात आणि तळाच्या नळीत गोळा होतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या शेपटीचे टोक नागमोडी वळलेले दिसते. अळ्या रोज सारख्या पडत नाहीत. म्हणून लागोपाठ तीन दिवसांचे नमुने घेणे इष्ट असते.

हृदयकृमी, म्हणजे डायरोफिलेरिया इमिटिस, डासांमार्फत येतो. मांजर त्याचा स्वाभाविक आश्रयदाता नाही. तरीही अपरिपक्व कृमी तीन-चार महिन्यांत फुप्फुसाच्या रोहिण्यांत पोचतात, बरेचसे तेथेच मरतात आणि त्यातून उसळणारा दाह क्ष-किरण चित्रात दम्याहून वेगळा ओळखणे कठीण असते. कृमींची संख्या फार कमी, बहुधा एक ते तीन, असल्याने प्रौढ मादीच्या प्रतिजनावर (रक्तात सापडणाऱ्या कृमीच्या द्रव्यावर) आधारलेली चाचणी नकारात्मक येऊ शकते. प्रतिपिंड चाचणीतून (कृमीविरुद्ध मांजराच्या शरीराने बनवलेली द्रव्ये शोधणाऱ्या चाचणीतून) फक्त संपर्क आल्याचे कळते. गोलकृमींच्या अळ्या फुप्फुसातून स्थलांतर करतात तेव्हा पिल्लांना तात्पुरता खोकला येतो.

इतर कारणे : बोर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका व मायकोप्लाझ्मा या जीवाणूंच्या संसर्गात खोकला येतो, विशेषतः अनेक मांजरे दाटीने राहतात तेथे. हर्पिस आणि कॅलिसी विषाणूंत शिंका व नाक-डोळे वाहणे हेच प्रमुख असते. श्वासनालेत अडकलेले गवताचे पाते, नाक-घशातील मांसांकुर, फुप्फुसावरणात साचलेला द्रव आणि फुप्फुसाचे अर्बुद (गाठ) ही कारणे विरळ आहेत. फुप्फुसाचा कर्करोग मांजरात पायाच्या बोटांत पसरू शकतो. म्हाताऱ्या मांजराचा खोकला आणि लंगडणे एकत्र दिसले तर हा दुवा तपासावा.

निदान : दम्याची एकच एक निर्णायक चाचणी नाही. तो इतर कारणे वगळूनच ठरवावा लागतो, आणि कृमी वगळल्याशिवाय मांजराला दमेकरी ठरवणे घाईचे होय. छातीच्या क्ष-किरण चित्रात जाड झालेल्या श्वसनी लहान वर्तुळांच्या व समांतर रेषांच्या रूपात दिसतात. फुप्फुसे अतिप्रसरण पावलेली असू शकतात. कफाने वाट बुजून उजव्या बाजूचा मधला खंड मिटलेला आढळतो. चित्र निर्दोष आले तरी दमा नाही असे होत नाही. भूल देऊन श्वसनीत थोडे क्षारयुक्त पाणी सोडून ते परत ओढून घेतात आणि त्यातील पेशी व जंतू तपासतात. धाप असलेल्या मांजरात यात जोखीम असते. स्टेरॉइड सुरू झाल्यावर पेशींचे चित्र बदलते, म्हणून नमुना आधी घेतलेला बरा. विष्ठेत काही सापडले नाही तरी फेनबेंडाझोल या कृमिनाशकाचा अनुभवाधिष्ठित क्रम देऊन पाहण्याची प्रथा आहे. औषध स्वस्त व सुरक्षित असल्याने ती योग्यच म्हटली पाहिजे.

उपचार : कारण कृमी असेल तर कृमिनाशक आणि जीवाणू असतील तर योग्य प्रतिजैविक. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून तेथे व्रण व पुढे आकुंचन होऊ शकते. गोळीमागोमाग थोडे पाणी किंवा अन्न पोटात गेलेच पाहिजे. प्रौढ हृदयकृमी मारणारी औषधे मांजरात टाळतात, कारण मेलेले कृमी फुप्फुसाच्या रोहिण्या तुंबवतात. तेथे दाह आवरणे आणि दरमहा प्रतिबंधक औषध देणे एवढ्यावर भर असतो.

दाहजन्य विकारात कॉर्टिकोस्टेरॉइड हाच मुख्य आधार आहे. मांजरात प्रेडनिसोनपेक्षा प्रेडनिसोलोन श्रेयस्कर, कारण पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर मांजराच्या शरीरात पुरेसे होत नाही. मात्रा आठवड्यांच्या अंतराने हळूहळू कमी करतात. खोकला थांबला म्हणून औषध एकदम बंद करणे ही नेहमी घडणारी चूक आहे. तोंडावाटे स्टेरॉइड घेणाऱ्या, वरवर पूर्ण बऱ्या दिसणाऱ्या मांजरांच्या श्वसनींचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी बहुसंख्य मांजरांत दाह तसाच धुमसत असल्याचे आढळले. दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडमुळे मधुमेहाचा धोका वाढतो. त्यामुळे श्वासावाटे द्यायच्या फ्लुटिकासोन या स्टेरॉइडकडे वळण्याचा प्रघात पडला आहे.

त्यासाठी फवाऱ्याचा डबा, झडप असलेली पोकळ नळी आणि मांजराच्या तोंडाला बसेल असा मुखवटा लागतो. मुखवट्याची ओळख आधी काही दिवस फवाऱ्याविना करून द्यावी, मुखवट्याच्या कडेला खाऊ लावून मांजराने स्वतःहून तोंड घालावे इथपर्यंत. नंतर डबा हलवून फवारा नळीत सोडतात आणि मुखवटा नाका-तोंडावर हलकेच टेकवून सात ते दहा श्वास मोजतात. प्रत्येक श्वासागणिक झडप हललेली दिसली पाहिजे. पूर्ण परिणाम दिसायला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून तोवर गोळी चालू ठेवतात. साल्बुटामोल आकसलेली श्वसनी मोकळी करते, पण दाह कमी करत नाही. नित्य वापराने दाह उलट वाढू शकतो, तेव्हा ते संकटकाळासाठीच राखून ठेवावे.

माणसांची खोकल्याची औषधे मांजराला देऊ नयेत. त्यांपैकी अनेकांत पॅरासिटामॉल असते आणि ते पचवणारी यकृतातील रासायनिक प्रक्रिया मांजरात फार दुबळी असते. एक गोळीही जीव घेऊ शकते. खोकला दाबणारी औषधे मूळ दाहाला हात लावत नाहीत.

घरातील व्यवस्था : तंबाखूचा व उदबत्तीचा धूर, सुगंधी फवारे, तेलांच्या वाफा आणि मलपेटीतील धूळ उडवणारी माती बंद करावी. वजन जास्त असेल तर ते सावकाश उतरवावे. गळ्याला पट्टा असल्यास तो काढून अंगाभोवती बसणारा साज वापरावा. उबळींची तारीखवार नोंद ठेवल्यास औषधाची मात्रा ठरवणे सोपे जाते. मांजर गाढ झोपले असताना मिनिटाला किती श्वास घेते हेही मोजावे. आकडा ३० च्या वर राहू लागला तर पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट पाहू नये. मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल, प्रत्येक श्वासाला पोट जोराने हलत असेल किंवा हिरड्या निळसर पडल्या असतील, तर ती तातडीची अवस्था होय. अशा वेळी मांजराला जबरीने धरणे, तोंडात औषध घालणे किंवा कुशीवर आडवे करणे टाळावे. शांत, हवेशीर पेटीत ठेवून त्याला लगेच प्राणवायूची सोय असलेल्या दवाखान्यात न्यावे.