खासगी एपीआय खुले होतात तेव्हा

ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची ॲप्स कधीकधी अशी फंक्शन्स वापरतात, ज्यांचा बाहेरच्या डेव्हलपरना दिलेल्या कागदपत्रांत उल्लेखही नसतो. हेच खासगी एपीआय; एपीआय किंवा इंटरफेस म्हणजे एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या सोयी वापरू देणारा दुवा. विंडोजबद्दल १९९० च्या दशकात ही तक्रार कायमची होती. अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात तडजोड झाली, तेव्हा कुठे मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २००२ मध्ये असे सुमारे २७० इंटरफेस जाहीर केले. युरोपात हाच वाद डिसेंबर २००७ पर्यंत ताणला गेला. मग इतर प्रणालींना विंडोजच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या सांबा या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाला प्रोटोकॉलची, म्हणजे संगणकांच्या आपसातल्या संवादाच्या नियमांची, कागदपत्रे मिळाली, तीही १०,००० युरो मोजून.

दरवेळी कोर्टाचीच गरज पडते असे नाही. गूगल मॅप्स फेब्रुवारी २००५ मध्ये आले आणि पॉल रॅडमाकर या प्रोग्रामरने त्याचा कोड उकलून क्रेगलिस्ट या छोट्या जाहिरातींच्या वेबसाइटवरच्या घरांच्या जाहिराती थेट नकाशावर टाकल्या. गूगलने त्याला रोखले नाही. जूनमध्ये अधिकृत एपीआय दिला आणि पुढे त्याला नोकरीवरही घेतले. आयफोनचेही काहीसे तसेच. २००७ मध्ये डेव्हलपरना 'वेब ॲप्स', म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारी ॲप्स, बनवा असे सांगितले गेले, लोकांनी जेलब्रेक करून, म्हणजे फोनवरची बंधने तोडून, ॲप्स घुसवली, आणि मार्च २००८ मध्ये एसडीके, म्हणजे ॲप्स बनवण्याचा अधिकृत साधनसंच, आले.

खरी रस्सीखेच झाली ती एनएफसी चिपवरून, म्हणजे फोन टेकवला की माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या चिपवरून. २०१४ च्या आयफोन ६ मध्ये ती होती, पण फक्त ॲपल पे या ॲपलच्याच पेमेंट सेवेसाठी. २०१७ मध्ये आयओएस ११ ने इतर ॲप्सना टॅग (माहिती साठवणाऱ्या छोट्या एनएफसी चकत्या) वाचू दिले, २०१९ मध्ये लिहूही दिले. फोन टेकवून पैसे देणे मात्र ॲपलकडेच राहिले. कारण सुरक्षेचे सांगितले जाई. ते अगदीच खोटे नव्हते, पण सोयीचे नक्की होते. जुलै २०२४ मध्ये युरोपियन कमिशनने इतर ॲप्सनाही असे पैसे देऊ देण्याची ॲपलची हमी बंधनकारक केली: युरोपात दहा वर्षे, विनाशुल्क. पुढच्याच महिन्यात ॲपलने आणखी काही देशांसाठी आयओएस १८.१ पासून ही सोय जाहीर केली. तिथे मात्र करार आणि शुल्क दोन्ही.

कंपन्यांची एक अडचण मात्र खरी आहे. आतले फंक्शन उद्या बदलता येते. जाहीर केलेले बदलले की हजारो ॲप्स कोलमडतात. म्हणूनच २०१८ मध्ये अँड्रॉइड ९ ने उलटी वाट धरली. रिफ्लेक्शनने (चालू प्रोग्राममधली लपलेली फंक्शन्स नावाने शोधून वापरण्याच्या तंत्राने) चोरून वापरले जाणारे इंटरफेस हळूहळू बंद करायला घेतले आणि ज्यांना पर्याय नाही, त्यांच्यासाठी नवा सार्वजनिक एपीआय मागण्याची सोय ठेवली.